टेंभुर्णीचा ताप

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, रोज ज्याच्या गाडीवर मागे बसून कामाला जातो त्या दोस्तालाही नाही. आई तर आता राहिली नाही — म्हणजे तिला सांगायचं कायमचंच राहून गेलं. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही. बहुतेक म्हणूनच जमेल.

पण एकदम नाही सांगता येणार. जरा थांबत थांबत सांगतो.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे — म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचं काम. राहायला पूर्व भागात. घरी आमचं निम्मं तेलुगू, निम्मं मराठी, आणि भांडायचं असलं की दोन्ही. बायको सरोज, तिचं माहेर टेंभुर्णीचं. मुलगी एकच, वैष्णवी. पण हे नाव शाळेपुरतं. घरात ती चिन्नी. चिन्नी म्हणजे छोटीशी. ती जन्मली तेव्हा दुसरं काही नाव सुचण्यासारखं नव्हतंच.

आमच्या गल्लीत मला चांगला बाप म्हणतात. हे ऐकून घ्या, कारण तेही या गोष्टीतच येतं. सरोजला सातव्या महिन्यात बीपी वाढलं, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, आणि डॉक्टर म्हणाले, बाळ आत्ताच काढावं लागेल, नाहीतर दोघंही जातील. बाळ काढलं. सरोज एका वॉर्डात, बाळ दुसरीकडे काचेच्या पेटीत, नाकात नळ्या, पायाला वायरी. अंगावर चरबी म्हणून नाही. कातडीखालून शिरा दिसायच्या. श्वास जरा बरा झाल्यावर सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "वडील कुठायत? शर्ट काढा." बाळाला आईच्या नाहीतर बापाच्या उघड्या छातीवर बांधून ठेवतात, त्यानं ते तगतं, म्हणाल्या. सरोज तर उठूही शकत नव्हती. म्हणून मी.

किती दिवस तसा बसलो असेन! हलायचं नाही, खोकायचं नाही. बाकीचे बाप दारातून डोकावून जायचे, लाजायचे. मी नाही लाजलो. ते सगळं खरं आहे. त्यातलं काही खोटं नाही. माझं त्या पोरीवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण प्रेम असलेला माणूस भित्रा नसतो, असं थोडंच आहे?

घरी सोडताना डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. शांतपणे, एकेक गोष्ट. "लवकर जन्मलेल्या मुलांचं सगळं जरा उशिरा होतं. मान धरणं, बसणं, चालणं. जन्माच्या तारखेपासून मोजून घाबरू नका, बाळंतपणाची जी तारीख दिली होती तिथून मोजा. डोळे तपासलेत, चांगले आहेत. पण कान राहिलेत. आमचं मशीन सध्या बंद आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा नक्की करून घ्या. हिला जबर औषधं द्यावी लागली, कावीळ झाली — कान तपासायलाच हवेत. आणि कानाच्या बाबतीत उशीर चालत नाही. ऐकू आलं नाही तर भाषा येत नाही."

सरोज तेव्हा शेजारी बाळाला टोपी घालत होती. तिच्या कानावर अर्धंच पडलं — काहीतरी तपासणी राहिली आहे, एवढंच.

घरी आणली. आमच्या घराच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचे माग. सकाळपासून खटखट खटखट, बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. चिन्नी त्या आवाजात गाढ झोपायची. बघायला आलेल्या बायका तोंडावर हात ठेवायच्या — काय गं बाई शांत पोर! अम्मा, म्हणजे माझी आई, अभिमानानं सांगायची, "मागवाल्याचं लेकरू हाय. पोटातच सवय झालीय तिला." मीही हसायचो.

एक गोष्ट सांगतो, ती आमच्याकडच्या लोकांनाच माहीत असते. मागाच्या घरातली पोरं आवाजानं उठत नाहीत, आवाज थांबला की उठतात. वीज गेली, माग बंद पडले, की गल्लीतली तान्ही पोरं एकेक करून रडायला लागतात. एका दुपारी वीज गेली. एकदम शांत झालं. समोरच्या घरातलं बाळ उठलं, त्याच्या पलीकडचं उठलं. चिन्नी माझ्यापुढं गोधडीवर झोपलेली. पापणीसुद्धा हलली नाही.

 मी फळीवरचं पातेल्याचं झाकण घेतलं आणि फरशीवर सोडलं. तिच्या डोक्याजवळच.

आतून सरोज ओरडली, "काय पडलं ओ?"

"काय न्हाई. झाकण."

आत भांडी घासणारीला ऐकू गेलं. हातभर अंतरावरच्या लेकराला नाही. मी झाकण उचलून परत फळीवर ठेवलं. मला तेव्हाच कळलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय — मला तेव्हाच कळलं होतं.

मी जॉबर आहे. शेडमध्ये डोळे मिटून उभा राहिलो तरी कुठला माग बिघडलाय ते मला आवाजावरून सांगता येतं. मला कळलं नाही असं म्हणायची सोयच नाही.

मग दवाखान्यात दाखवायचा दिवस आला. सरोजला ताप होता, म्हणून अम्मा आणि मी चिन्नीला घेऊन रिक्षानं गेलो. वजन झालं, सुई झाली. कानाची तपासणी वरच्या मजल्यावर. अम्माचे गुडघे दुखायचे, ती खाली बाकावर बसली. मी चिन्नीला घेऊन वर गेलो. ती खांद्यावर झोपलेली — या तपासणीला बाळ झोपलेलंच लागतं, अगदी तशी. दाराबाहेर खुर्च्या होत्या. बसलो. माझ्या आधी एक बाई आत होती, तिचं बाळ चिन्नीएवढंच. ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली, जणू मीच तिला काहीतरी सांगणार आहे. आतून आवाज आला, "पुढचे या."

मी उठलो. आणि जिन्याकडे गेलो.

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की त्याचा आता अर्थच राहिला नाही. नातेवाईक तिला कच्ची पोर म्हणायचे. सातव्या महिन्याचं कच्चं. आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, माझ्या छातीवर पक्की केलीय तिला मी. आता त्या दारातून बाहेर येऊन काय सांगणार होतो? माझ्या सांगण्यापेक्षा, माझ्या बढाईपेक्षा, तिचे कान मोठे नव्हते का? होते. तरी मी जिना उतरलो.

खाली अम्मा म्हणाली, "झालं का रे?"

"झालं."

"कान?"

"चांगले हायत."

तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. घरी जाऊन तिनंच सरोजला सांगितलं, कान चांगले आहेत म्हणून. मला सांगावंसुद्धा लागलं नाही. खोटं कसं असतं बघा — एकदा बोललात की दुसरे लोक ते तुमच्यासाठी वाहून नेतात.

मनात होतं, पुढच्या आठवड्यात गुपचूप परत नेईन. मग पुढच्या महिन्यात. मग ती बसायला लागली, उशिरा, पण बसली. मला वाटलं, बघ, सगळं येतंय की. चालली उशिरा, पण चालली. मॅडमचं वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं, लवकर जन्मलेल्यांचं सगळं उशिरा होतं. त्यातला अर्धाच भाग मी घरात सांगायचो. दुसरा अर्धा — कानाच्या बाबतीत उशीर चालत नाही — तो माझ्याजवळच राहिला.

सरोजला शंका यायच्या. आई आहे ती. "अहो, हाक मारली तर बघत न्हाई ही."

"खेळाच्या नादात असंल."

"पाठमोरी असली की अजिबातच न्हाई बघत."

"कान तपासलेत की गं." बस्स. एवढं म्हटलं की ती गप्प व्हायची. अम्माही म्हणायची, दार आपटलं की वळती की पोर. दार आपटलं की फरशी हादरते, ते तिच्या पायांना कळतं — हे मला कळत होतं. मी बोललो नाही.

सगळ्यात वाईट तो दिवस. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो होतो, बोलत नाही म्हणून. त्यांनी विचारलं, कानाची तपासणी झाली होती का? मी काही बोलायच्या आत सरोज म्हणाली, "झाली की डॉक्टर, तान्ही असतानाच झाली. चांगले हायत म्हणाले." किती विश्वासानं म्हणाली! माझ्याकडे बघून मान हलवली, मी दुजोरा द्यावा म्हणून. मी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, मग थांबू थोडं, लवकर जन्मलेली आहे, बोलेल. आम्ही थांबलो.

त्याच सुमारास टेंभुर्णीला सरोजच्या भावाचं लग्न होतं. लग्नघरात चिन्नी सगळ्यांच्या कडेवर फिरत होती. सरोजच्या दोन्ही हातांवर मेंदी. संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं की पोर तापलीय. सरोजनं औषध पाजलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, सकाळी उठल्या उठल्या तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. साधा ताप होता. उतरला. लग्न पार पडलं. एवढीच ती गोष्ट. ती लक्षात ठेवा.

चिन्नी बालवाडीत जायला लागली. तिथल्या बाई, शबाना बाई म्हणायचो आम्ही, त्यांनी काही दिवसांतच सरोजला बोलावून घेतलं. चिन्नी पाटीवर काहीतरी गिरवत होती. बाईंनी तिच्या मागे उभं राहून जेवणाची ताटली चमच्यानं वाजवली. वर्गातली सगळी पोरं वळली. चिन्नी गिरवत राहिली.

"सरोजताई, हिला ऐकू येत न्हाई."

"तपासलंय बाई आमी."

"परत तपासा."

परत तपासलं. या वेळी सरोज आत बसली होती, चिन्नीचं डोकं मांडीवर घेऊन. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, तान्ही असताना? सरोज म्हणाली, तेव्हा चांगले होते. डॉक्टर विचारात पडले. म्हणाले, होतं असं काही मुलांत, आधी ठीक असतं, नंतर जातं. मधे काही मोठं आजारपण? ताप वगैरे?

सरोजचा चेहरा मी बघितला. तुम्ही बघितला असता तर — नाही, काय सांगू!

"ताप आला होता," ती म्हणाली. "लग्नात."

डॉक्टरांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण तिच्या मनात ते बसलं, ते बसलंच. घरी आल्यावर अम्मानं तेच उचललं. आम्ही जेवायला बसलो होतो. अम्मा म्हणाली, "त्या तापातच गेले कान. पोर फणफणलेली आणि ही भावाच्या हळदीत मिरवत होती." सरोज रडली नाही. हळूच म्हणाली, "हातावर मेंदी होती, अम्मा. म्हणून मी घेतलंच न्हाई तिला. घेतलं असतं तर अंग गरम लागलं असतं."

मी जेवत होतो. मान खाली घालून जेवत राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं. एक. मी आत गेलोच नव्हतो, दारातून परत आलो. तोंडात घास होता. मी तो गिळला आणि आणखी भात मागितला.

त्यानंतर सरोजनं हाताला मेंदी लावलेली नाही. लग्नांना जात नाही. माहेरीसुद्धा कारणाशिवाय जात नाही. अम्मा शेवटपर्यंत तिला टोचत राहिली, कधी उघड, कधी आडून, आणि सरोज ते टोचणं आपलंच म्हणून घेत राहिली. अम्मा शेवटच्या आजारपणात होती तेव्हा तिचं सगळं सरोजनंच केलं. मी बघत होतो.

चिन्नीला कानाची मशीनं बसवली. रोज बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे सरोज तिला न्यायची, दोन रिक्षा बदलून. त्या ताई एकदा मला म्हणाल्या, "आश्चर्य आहे हो. आधी ऐकू येत असलेल्या मुलांना काहीतरी खुणा राहतात. हिचं असं वाटतं की हिनं कधी काही ऐकलंच नाही." मी म्हणालो, लहान होती ना फार. त्यांनी मान डोलावली. आणि शिकवायला सुरुवात केली, चुकीच्या ठिकाणाहून, माझ्यामुळे.

आणि तरी, अजूनही, दवाखान्यातल्या सिस्टर मला बोलावतात. नवीन बाप घाबरलेले असतात, त्यांना छातीवर बाळ कसं घ्यायचं ते सांगा म्हणतात. मी जातो. मागे सांगोल्याचा एक पोरगा होता, पहिलंच बाळ, सातव्या महिन्याचं. त्यानं विचारलं, "ते कानाचं टेस्ट करायलाच लागतं व्हय? लांबून यावं लागतंय. तुमी केलं होतं का?"

मी म्हणालो, "करायलाच लागतं. आमी केलं होतं."

पहिलं वाक्य त्याच्या भल्याचं. दुसरं माझ्या. तो गेला, करून घेतली त्यानं. सिस्टर म्हणाल्या, तुमचं ऐकतात बघा लोक.

चिन्नी आता मोठी झालीय. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत जाते. मशीन लावून थोडं ऐकते, थोडं बोलते. तिचं बोलणं बाहेरच्याला कळत नाही, आम्हाला कळतं. बाकीचं हातांनी. रागीट आहे. कुणी पाठ करून हसलं की तिला वाटतं आपल्यालाच हसतायत. सायकल मात्र अशी चालवते की सरोज डोळे मिटून घेते. सरोजनं तिला सगळं सांगितलंय, जे सरोजला माहीत आहे ते सगळं. तुला आधी ऐकू यायचं. मग ताप आला. माझं लक्ष नव्हतं.

गेल्या रविवारी चिन्नी माझ्याजवळ येऊन बसली.  मग हातांनी विचारलं — मला ऐकू यायचं तेव्हा कसं वाटायचं? मी म्हटलं, कसं म्हणजे? ती म्हणाली, मी डोळे मिटून खूप आठवते. रोज आठवते. काहीच आठवत नाही. एवढं ऐकलं असेल, तर एक तरी आवाज आठवायला नको का? माझंच डोकं खराब आहे का?

मी म्हटलं, तू फार लहान होतीस.

 मग तिनं माझ्या गळ्याला हात लावला, जिथून आवाज निघतो तिथं, आणि विचारलं — तुम्ही हाक मारायचात तेव्हा मी वळून बघायचे?

मी म्हणालो, हो. लगेच वळायचीस. हसायचीस.

तिचा चेहरा उजळला. तिनं मला ते परत करून दाखवायला लावलं. मी परत केलं — हाक मारली, ती वळली, हसली. मग ती आईला सांगायला पळत आत गेली.

हे चार-पाच दिवसांपूर्वीचं. चिन्नीला मी हाक मारली आणि ती वळली, असं तिच्या लहानपणी एकदाही झालेलं नाही. टेंभुर्णीच्या तापानं काही गेलं नाही, जायला काही नव्हतंच. सरोजकडून काही चुकलं नाही. हे मला माहीत होतं, चिन्नी गोधडीवर झोपायची तेव्हापासून.

आत्ता सरोज आतल्या खोलीत चिन्नीची वेणी घालतेय. दोघींचं काहीतरी हसणं चाललंय. त्यांना अजून माहीत नाही.